‘समुद्रात जाऊ नये’ एवढ्यावर भागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात पावसाळाभर हवामानाची बातमी रोज असते, घाटमाथ्याला रेड, मुंबईला ऑरेंज, मराठवाड्यात विजा, सगळं नकाशासकट, आणि अगदी खाली एक ओळ, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. झालं. कुठल्या समुद्रात, कधीपर्यंत, वारा किती, लाट किती, काही पत्ता नाही. आम्ही देवगडचे, इथे बोटवाले, बर्फवाले, डिझेलवाले, लिलावाला बसणाऱ्या बायका, सगळ्यांचं त्या एका ओळीवर चालतं किंवा थांबतं, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

बरं माहिती नसते असं पण नाही. हवामान खातं मच्छीमारांसाठी वेगळं बुलेटिन काढतं, पुढच्या पाच दिवसांचं, त्यात कोकण-गोवा किनारा वेगळा, मध्य अरबी समुद्र वेगळा, सोमालियाकडचा वेगळा, आणि वारा ताशी ४५ ते ५५ किमी, मधेच ६५ चा झोत, असं सगळं दिलेलं असतं. हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था, लाटांचा अंदाज देतं तो वेगळाच. तुमच्या पानावर येईपर्यंत ह्या सगळ्याची एक ओळ होते. कधी कधी तर इशारा पार सोमालियाच्या बाजूच्या पाण्याचा असतो आणि इथे वाचणाऱ्याला वाटतं आपल्यालाच सांगितलंय. असं दोनचारदा झालं की तांडेल, म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस, त्या ओळीकडे बघायचंच सोडतो, आणि नेमका खरा इशारा असतो तेव्हा पण बघत नाही.

आता लाटेचं सांगतो, कारण ते कुणी नीट लिहीतच नाही. बातमीत ‘तीन मीटर उंच लाटा’ असं येतं, वाचणाऱ्याला वाटतं सगळ्यात मोठी लाट तीन मीटरची. पण तो आकडा असा काढतात, की आलेल्या लाटांपैकी सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटा घ्यायच्या आणि त्यांच्या उंचीची सरासरी धरायची. म्हणजे तीन मीटर लिहिलंय त्या पाण्यात काही तास राहिलात तर एखादी पाच-साडेपाच मीटरची येणार हे धरूनच चाला, तिला काय विशेष वादळ वगैरे लागत नाही. दुसरं म्हणजे लाट किती सेकंदांनी येते. पाच-सहा सेकंदांनी आदळणारी दोन मीटरची लाट छोट्या बोटीचा जीव काढते, जाळं ओढताना खलाशाला उभं राहू देत नाही. तेच पंधरा-सोळा सेकंदांची लांब लाट खोल पाण्यात बोट अलगद वर उचलते नि खाली ठेवते, बाहेर काही वाटत पण नाही, पण किनाऱ्याशी उथळ पाणी लागलं की तीच उभी राहून फुटते आणि खाडीच्या तोंडातून आत शिरणाऱ्या बोटीची वाट लावते. अशी लाट कधी कधी पार दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळातून निघून काही दिवसांनी आपल्याकडे पोचते. इथे वर निळं आकाश, वारा पडलेला, आणि पाणी फुटतंय. पर्यटक बिनधास्त कमरेपर्यंत उतरलेले असतात, त्यांना कोण सांगणार. इन्कॉइस ह्याचे इशारे देतं, तुमच्याकडे मात्र बातमी येते ती कोणीतरी बुडाल्यावर.

ओखी वादळ आठवतंय का बघा, २०१७ चं. नोव्हेंबरच्या शेवटी कन्याकुमारीच्या दक्षिणेला कमी दाबाचं होतं त्याचं एका दिवसात चक्रीवादळ झालं, आणि केरळ-तामिळनाडूच्या बोटी आधीच आठ-आठ दहा-दहा दिवसांच्या बोलीवर लांब गेलेल्या. त्यातल्या ६८ बोटी, ९५२ माणसं, आमच्या देवगड बंदरात येऊन लागली. बोटीला बोट चिकटून उभी, आणि खलाशी जेटीवर उतरल्या उतरल्या घरी फोन लावायला बघतायत. ही वाचलेली माणसं, न परतलेले पण खूप होते. जाऊ नये हे किनाऱ्यावरच्याला सांगता येतं, आधीच गेलेल्याला कसं सांगणार, मोबाईलची रेंज तर दहा-बारा किमीनंतर जातेच. त्यानंतर २०१९ ला उपग्रहावरून इशारे पोचवणारं जेमिनी यंत्र आलं, पण त्यात इशारा फक्त येतो, आपल्याला उलट काही कळवता येत नाही. मग २०२४ च्या ऑगस्टमध्ये पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते एक लाख बोटींना ट्रान्सपॉन्डर, म्हणजे दोन्हीकडून निरोप देता-घेता येणारं यंत्र, द्यायची योजना सुरू झाली, तेव्हा फोटो सगळ्यांनी छापले. आता किती बोटींवर बसले, किती चालू आहेत, ह्याची एखादी बातमी तुमच्या वार्ताहराने बंदराबंदरात फिरून करावी की.

नाहीतर मग पोरं काय करतात, मोबाईलवर विंडी हे हवामानाचं अ‍ॅप उघडतात. वाईट नाही ते, मी पण बघतो, पण त्यात एक मॉडेल म्हणतं वादळ गुजरातला, दुसरं म्हणतं ओमानला, आणि ग्रुपवर फिरतो तो जो जास्त लाल दिसतो त्याचा स्क्रीनशॉट. मग अफवा, मग बंदरावर तीन नंबरचा बावटा लागलाय की नाही ह्यावरून वाद. तीन नंबर म्हणजे काय हे तरी एकदा छापा, पेपरात कुठेही ‘धोक्याचा बावटा’ एवढंच येतं, पण तीन नंबर हा सावधगिरीचा आहे आणि मोठ्या धोक्याचे त्याच्या बरेच पुढे, आठ ते दहा नंबरचे आहेत.

१ ऑगस्टला मासेमारीवरची पावसाळी बंदी उठते, आणि नेमके तेच दिवस पाण्याला जोर असायचे. म्हातारी माणसं नारळी पौर्णिमेशिवाय बोट काढत नसत, आता कर्जाचे हप्ते थांबत नाहीत म्हणून पहिल्याच दिवशी सुटतात. बर्फ भरून झालेला असतो, खलाशांना उचल देऊन झालेली असते, अशा माणसाला नुसतं ‘जाऊ नये’ म्हणून तो थांबत नाही हो, परवा दुपारनंतर वारा उतरतोय असं कळलं तर दोन दिवस थांबेल.

तर मागणी एवढीच. भरती-ओहोटीच्या वेळा छापता त्याच्याच शेजारी एक छोटा चौकोन द्या. किनारा जिल्ह्यावार, वारा किमीमध्ये (नॉट्स लिहू नका, एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी हा गुणाकार पहाटे जेटीवर कोण करत बसणार), लाट किती, किती सेकंदांची, आणि इशारा कधीपर्यंत. आणि बुलेटिन किती वाजता निघालं ती वेळ न विसरता टाका, कारण पेपर आमच्याकडे येईपर्यंत मधे एखादं नवीन निघालेलं असतं, कळलं तर माणूस फोन करून विचारून तरी घेईल.

कळावे,
आपला एक वाचक, देवगड