मग ‘नैसर्गिक अत्याचार’ कोणता?

महोदय,

गेल्या पंधरवड्यात आपल्या अंकात एकच शब्द दोनदा वाचला. एका बातमीत दहा वर्षांच्या मुलावर ‘अनैसर्गिक अत्याचार’ झाला होता. दुसरीत शेजाऱ्यांनी तक्रार केली म्हणून पोलिसांनी दोन सज्ञान पुरुषांना चौकीवर बोलावून समज दिली होती, कारण त्यांचे ‘अनैसर्गिक संबंध’ होते. पहिल्या बातमीत एक पोर उद्ध्वस्त झालंय, दुसरीत कोणाचं काहीच बिघडलेलं नाही. तरी विशेषण तेच. आणि अत्याचार जर अनैसर्गिक असतो, तर नैसर्गिक अत्याचार म्हणजे काय, हे उपसंपादकांनी एकदा सांगावं.

हे विचारायचा अधिकार मला फारसा नाही. मी पस्तीस वर्षं एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. ऱ्हस्व-दीर्घावरून भल्याभल्यांशी भांडलो, पण हा शब्द शेकडो वेळा डोळ्यांखालून गेला आणि एकदाही पेन उचललं नाही.

निवृत्तीनंतर वेळच वेळ. या शब्दाचं मूळ धुंडाळायला बसलो, तर एका शब्दापायी अर्धं जग फिरून झालं. इंग्रजीतला ‘बगरी’ घ्या, पुरुषापुरुषांतल्या अशा संबंधांचा कायद्यातला शब्द. आठव्या हेन्रीच्या १५३३च्या कायद्यात तो आला आणि त्याला शिक्षा फाशीची होती. पण शब्दाचा अर्थ मुळात ‘बल्गेरियन’! बल्गेरियात बोगोमिल नावाचा पाखंडी ठरवलेला पंथ होता. फ्रान्समधल्या तशाच विचारांच्या लोकांना चर्च ‘बूग्र’ म्हणू लागलं. धर्म सोडलेला माणूस काहीही करत असणार, या न्यायाने हा आरोपही त्यांना चिकटला. पुढे पंथ संपला, आरोप तेवढा उरला. (वांद्र्याच्या बाजूला दोस्ताला लाडाने ‘बगर’ म्हणतात, त्यात बिचाऱ्या बल्गेरियाचा उद्धार होतोय हे कोणाच्या गावीही नसतं.) जर्मन लोकांनी यासाठी ‘फ्लोरेन्झर’ म्हणजे इटलीतल्या फ्लॉरेन्सचा माणूस असा शब्द केला. खुद्द फ्लॉरेन्सने १४३२ साली अशा पुरुषांना धरायला ‘रात्रीचे अधिकारी’ नेमले होते. ‘सोडोमी’ तर बायबलमधल्या सदोम या गावाच्या नावावरूनच. एकूण काय, ही खोड नेहमी शेजारच्या गावातली.

अरबीत गंमत वेगळीच आहे. तिथे शब्द ‘लिवात’, करणारा ‘लूती’. मूळ लूत, म्हणजे त्याच सदोम गावाला परोपरीने समजावणारा पैगंबर. पाप गावाचं आणि नाव लागलं विरोध करणाऱ्याचं! चिनी भाषेत मात्र एक जुना शब्द ‘कापलेली बाही’ असा आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान घराण्यातल्या आई नावाच्या सम्राटाच्या बाहीवर त्याचा प्रिय डाँग शिएन झोपला होता. त्याची झोप मोडू नये म्हणून सम्राटाने बाहीच कापली, अशी कथा. शिवी सोडून असाही शब्द तयार होऊ शकतो.

पोर्तुगीजांनी १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधणारं चर्चचं न्यायालय, बसवलं. त्यांच्या भाषेत हे ‘पेकाडो नेफांदो’, म्हणजे ज्याचा उच्चारही करू नये असं पाप. वाचल्यावर मला हसू आलं. हा तर आपल्या गुन्हे वार्ताहरांचा ‘नको ते चाळे’! उच्चारायचं नाही, पण छापायचं मात्र.

आपल्याकडे सगळं मोकळंढाकळं होतं, इंग्रजांनी घाण केली, असं म्हणणाऱ्यांनी मनुस्मृतीचा अकरावा अध्याय काढून बघावा. पुरुषाने पुरुषाशी संग करणं तिथे जातिभ्रंश करणाऱ्या पातकांत मोजलंय. त्याच अध्यायात पुढे प्रायश्चित्त सांगितलंय ते अंगावरच्या वस्त्रांसकट स्नान. आणि त्याच श्लोकात दिवसाढवळ्या किंवा बैलगाडीत स्त्रीसंग करणाऱ्यालाही तेच स्नान आहे. म्हणजे दूषण होतंच. पण त्यासाठी अंघोळ सांगणं आणि जन्मठेप सांगणं यांत फरक आहे.

जन्मठेप आणली १८६०च्या दंडविधानाच्या ३७७व्या कलमाने. शब्दयोजना ‘निसर्गाच्या क्रमाविरुद्ध’. त्याआधी १८३७च्या मसुद्यात मेकॉलेने अशी कलमं घालताना टिपेत लिहून ठेवलं की, या किळसवाण्या विषयाची जाहीर चर्चा व्हावी असं काही आम्हाला लिहायचं नाही. त्यांच्या लाजेतून आलेला मोघमपणा मग भाषांतरांत उतरला. उर्दूत ‘खिलाफ-ए-वजा-ए-फितरी’, मराठीत ‘अनैसर्गिक’. आपण तो अस्सल मराठी समजून दीडशे वर्षं वापरतोय.

बाकी साध्या बोलण्यातले शब्द सांगायची गरज नाही, शाळेच्या मुतारीच्या भिंतीवर ते सगळ्यांनी वाचलेत. एकच सांगतो. आमच्या खात्यात एक कंपोझिटर, म्हणजे छपाईचे खिळे जुळवणारा, होता. हात इतका सफाईदार की त्याच्या गॅलीत मला चूक सापडली तर मीच चहा पाजायचो. चालणं-बोलणं जरा नाजूक. रात्रपाळीला भिंतीवरच्या घड्याळात पावणेआठ झाले की कोणीतरी मोठ्याने ‘किती वाजले रे?’ विचारायचं आणि सगळं खातं एका सुरात वेळ सांगायचं. तो मान खाली घालून खिळे जुळवत राहायचा. हे वर्षानुवर्षं चाललं. मी ओरडत नव्हतो, पण हसत होतो. ‘अनैसर्गिक कृत्य करणाऱ्यास अटक’ हा मथळाही एका रात्री त्यानेच जुळवला. प्रूफ माझ्याकडे आलं. एकही चूक नव्हती. मी सही केली.

वाचकांच्या पत्रांची या विषयात एक जुनी हकिकत आहे. रघुनाथ धोंडो कर्वे ‘समाजस्वास्थ्य’मधून वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र घेतलं डॉ. आंबेडकरांनी. खटला हरले, पण शंका विचारणारा माणूस विकृत ठरत नाही ही बाजू कोर्टात मांडली गेली. ‘समलिंगी’ हा शब्द कोरडा आहे, कबूल. ‘होमोसेक्शुअल’ या ज्या युरोपीय शब्दावरून तो आपल्याकडे आला, तो केर्टबेनी नावाच्या लेखकाने १८६९ साली प्रशियातल्या अशाच कायद्याविरुद्ध लिहिलेल्या पत्रकात छापला. त्यात ना कोणाचं गाव आहे, ना कोणाचा देव.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञानांच्या संमतीचे संबंध गुन्ह्यातून काढले. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ची जागाच नाही. (सज्ञान पुरुषावर जबरदस्ती झाली तर त्याने बलात्काराचं कोणतं कलम शोधायचं, हा घोळ त्यातून उरलाय. तो वेगळ्या पत्राचा विषय.) कायद्यातून गेलेला शब्द आपल्या पाचव्या पानावर मात्र भाडं न भरता राहतोय.

मुलावर झालेल्या अत्याचाराला सरळ ‘लैंगिक अत्याचार’ म्हणा. दोन सज्ञान माणसांच्या संबंधांना विशेषण लावायची गरज काय, आणि मुळात त्याची बातमी कशाला? मथळ्यात जागा नसते ही सबब मला सांगू नका. मी मोजलंय. ‘अनैसर्गिक’ची अक्षरं पाच, ‘लैंगिक’ची तीन.

– एक निवृत्त मुद्रितशोधक, मिरज