गल्लीतल्या दुरुस्तीच्या टेबलासाठी

ॲमस्टरडॅम

ति. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

गल्लीच्या पंच कमिटीच्या मोकळ्या खोलीत दुरुस्तीचं टेबल मांडायचं म्हणता, म्हणून इथल्या ‘रिपेअर कॅफे’बद्दल लिहितो. २००९ साली मार्टिन पोस्टमा या पत्रकार बाईंनी तो याच शहरात सुरू केला. ठरल्या दिवशी लोक बिघडलेल्या वस्तू आणतात, जाणकार त्या फुकट बघतात. पण वस्तू ठेवून जाता येत नाही, मालकानं शेजारी बसून हात लावायचा. नव्या भागाचे पैसे त्याचे, आणि होईलच अशी हमी नाही.

यातलं शेजारी बसवणं घ्या, ‘फुकट’ नको. इथं कारागिराची मजुरी नव्या वस्तूच्या किमतीला टेकते, म्हणून फुकट चालतं. आपल्याकडं बेळगाव-शहापूरच्या रिवाइंडिंगवाल्यांचं, म्हणजे मोटरची तार पुन्हा गुंडाळून देणाऱ्यांचं, पोट दुरुस्तीच्या मजुरीवरच आहे. जळालेली मोटर, फ्रिज सरळ त्यांच्याकडं धाडायचे. मायक्रोवेव्ह तर उघडायचाच नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जीवघेणा चार्ज राहू शकतो.

पंखा नुसता गुणगुणतो आणि हातानं ढकलल्यावर फिरतो, तर बहुधा कंडेन्सर गेला. बऱ्याच पंख्यांत २.५ मायक्रोफॅरडचा असतो, तरी जुन्यावरचा आकडा वाचूनच नवा आणायला सांगा. मिक्सरचा कपलर, म्हणजे भांडं ज्यावर बसतं तो फिरता भाग, काढताना जोर करू नये, आटे उलटे असू शकतात.

बाबा, सिरीज लॅम्पचा बोर्ड हवाच. वस्तू १०० वॅटच्या बल्बशी सिरीजमध्ये जोडायची, म्हणजे वीज बल्बमधून जाऊनच वस्तूत शिरते. बल्ब लागलाच नाही तर वायर, स्विच किंवा आतलं काहीतरी तुटलेलं. मिक्सरला पूर्ण पेटला तर शॉर्टचा संशय, खात्री नव्हे. इस्त्रीला मात्र हे गणित फसतं: चांगल्या इस्त्रीलाही बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो. तिथं प्लग काढून मल्टिमीटरनं पिनांमधला रोध मोजा. १००० वॅटला साधारण ५३ ओहम, ७५० ला ७० च्या आसपास. अर्थिंगची मोठी पिन आणि बाकीच्या दोन पिनांमध्ये मीटरवर जोड दिसता कामा नये, दिसला तर इस्त्री अंगाला शॉक देऊ शकते. वायर बहुतेक वेळा इस्त्रीत शिरते तिथंच, वाकून वाकून तुटलेली असते.

आई, कपड्यांचं टेबल तुझ्याकडं. झिप मागून उघडत असली तर दात शाबूत असतात, रनर, म्हणजे वरखाली सरकणारा भाग, सैल झालेला असतो. पकडीनं दोन्ही बाजू हलकेच दाबल्या की पुन्हा धरतो. एकदम दाबलास तर तुटेल, तो ओतीव धातूचा असतो.

खोलीच्या किल्ल्या दोघांकडं असाव्यात. हत्यारं टांगायच्या फळ्यावर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा काढा, म्हणजे पक्कड घरी गेलेली लगेच दिसते. पाट्या कन्नडमध्येही लावा.

सिरीज लॅम्पला पिवळा, तारेचा बल्बच लागतो. एलईडी चालत नाही. माळ्यावरच्या खोक्यात जुने दोन असतील. बाबा, शिडीवर तुम्ही चढू नका, कुणाला तरी हाक मारा.

तुमचा,
बाळू