शस्त्रक्रियेपूर्वीच्या आहाराविषयी मैत्रिणीस पत्र

विश्रामबाग, सांगली

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पुण्याच्या डॉक्टरांनी वजन कमी करण्यासाठी जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकण्याची, म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीची शस्त्रक्रिया सुचवली आणि तू ती करून घ्यायचे ठरवलेस, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र तोवर ताक, काकडी आणि सोमवार-गुरुवारचे कडक उपवास यांवर राहून वजन झटपट उतरवण्याचा तुझा बेत वाचला आणि राहवेना. आहारतज्ज्ञ म्हणून मिरजेत इतकी वर्षे काम करणाऱ्या मैत्रिणीने हे मुकाट्याने वाचून सोडून द्यावे, असे तुलाही वाटणार नाही.

शस्त्रक्रियेआधी वजन कमी करायला सांगतात ते मुख्यतः यकृतासाठी. यकृताचा डावा भाग जठराच्या वरच्या टोकावर आडवा पसरलेला असतो, आणि दुर्बिणीतून काम करताना तो उचलून धरल्याशिवाय जठराचे ते टोक नीट दिसत नाही. चरबी साठून हा भाग मोठा आणि जड झालेला असला, तर उचलताना त्याला इजा होऊन रक्तस्राव होण्याचा धोका असतो. म्हणून बहुतेक ठिकाणी आधीचे २ ते ४ आठवडे दिवसाला साधारण ८०० ते १२०० उष्मांकांचा, कमी कर्बोदकांचा आणि पुरेशा प्रथिनांचा आहार देतात. कर्बोदके कमी मिळू लागली की यकृत आधी आपल्यातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा वापरते, त्या साठ्याने धरून ठेवलेले पाणी निघून जाते आणि मग चरबीही उतरू लागते. आकार लहान होण्याचे बरेचसे काम पहिल्या दोन आठवड्यांतच होते.

आता तुझ्या ताक-काकडीचे पाहा. त्यात उष्मांक कमी आहेत हे खरे, पण प्रथिनेही नावालाच आहेत. अशा वेळी शरीर स्वतःचे स्नायू मोडू लागते, आणि पोटातले टाके व जखम भरून यायला जे लागते, तेच ऐन वेळी अपुरे पडते. उपवासाची साबुदाणा खिचडी तर निव्वळ पिष्ट आणि तेल. ती यकृताला हलके करण्याच्या अगदी उलट आहे. तुला दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात गेलीच पाहिजेत. तुला अंडे चालते, ही मोठी सोय आहे: सकाळच्या दोन अंड्यांतून १२ ग्रॅम मिळतात, दुपारच्या १०० ग्रॅम पनीरमधून १८ च्या आसपास आणि रात्रीच्या ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून १५. त्यात पेलाभर बिनसाखरेचे दूध, वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ आणि अर्धी ज्वारीची भाकरी धरली की हिशेब जमतो. आपल्याकडे वर लाल कट आल्याशिवाय उसळ झाली असे कुणाला वाटत नाही, पण तू तेल चहाच्या एका चमच्यावर जाऊ देऊ नकोस. कंदी पेढे आणि मी पाठवलेला तासगावचा बेदाणा तूर्त मुलांना देऊन टाक.

दुसरी गोष्ट तपासण्यांची. हिमोग्लोबिन, फेरिटिन (यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो), बी-१२, फोलेट आणि ड जीवनसत्त्व आत्ताच तपासून घे. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणे नेहमीचेच आहे, आणि जठर लहान झाल्यावर त्याचे शोषण आणखी घटते. लोहाचा साठा गोळ्यांनी भरून यायला महिने लागतात, त्यामुळे हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलता येत नाही.

साखरेच्या औषधांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. जेवण इतके कमी केल्यावर इन्सुलिनचा डोस आहे तोच ठेवलास, तर साखर एकदम खाली जाईल. म्हणून आहार सुरू करण्याच्या आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घे आणि घरच्या मशीनवर रोज साखर पाहत जा. तुझ्या गोळ्यांपैकी एखादीच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असेल, तर ते त्यांना आवर्जून सांग. ती गोळी शस्त्रक्रियेच्या ३ ते ४ दिवस आधी थांबवावी लागते, कारण एरवी साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकते.

आणि सुनंदा, रागावू नकोस, पण तुझी सकाळची मिश्री आजच बंद कर. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो. तंबाखू किमान सहा आठवडे आधी सुटलेली असावी लागते. सासूबाई लावतात म्हणून डबी मोरीत समोरच राहत असेल, तर त्यांना ती दुसरीकडे ठेवायची विनंती कर.

घास बारीक चावून खाण्याची आणि जेवण व पाणी यांत अर्ध्या तासाचे अंतर ठेवण्याची सवय आत्तापासूनच लाव. नंतर ती लागणारच आहे.

तुझे रिपोर्ट आणि चालू औषधांची चिठ्ठी यांचे फोटो मला मोबाईलवर पाठव. औषधांचे तुझे डॉक्टरच ठरवतील. जेवणाचा आठवड्याचा तक्ता मी करून देते. तो पुण्याच्या आहारतज्ज्ञांना दाखव आणि त्यांनी होकार दिल्यावरच सुरू कर.

घरी सर्वांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
माधवी