मराठवाड्याचा इतिहास 17 सप्टेंबरपुरता नको

मा. संपादक,

पुण्यातल्या कित्येक वर्गांत आज लातूर, बीड, नांदेडकडची मुलं आहेत. आठवीच्या इतिहासात त्यांना हैदराबाद भेटतं ते संस्थानांच्या विलीनीकरणात, जुनागड-काश्मीरच्या रांगेत. 13 सप्टेंबर 1948 ला फौजा शिरल्या, 17 ला निजाम शरण आला, संपलं. त्याआधी तिथली माणसं कुठल्या नाण्यात सारा भरत होती, 1918 ला सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात मराठी मुलगा उर्दूतून का शिकत होता, याला तासात जागा नाही.

मराठ्यांना कुणबी दाखले देण्याबाबतच्या 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयानंतर ‘हैदराबाद गॅझेट’ (निजामकाळातल्या सरकारी नोंदी) हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे आणि नोंदींसाठी घरोघरी जुन्या पेट्या उघडल्या गेल्या. त्यातलाच एखादा कागद वर्गात आणावा. चार मुलांत एक झेरॉक्स पुरते. नावं आणि जातीचा रकाना आधी झाकावा, नाहीतर तास भलतीकडेच जातो.

पहिली अडचण सनाची. पुण्यात मोडी शिकलेल्यांना पेशवे दफ्तरातल्या शुहूर सनात (मराठी कागदांवरच्या अरबी सनात) इसवी सन काढायला 599 किंवा 600 मिळवायची सवय असते. निजामी फसलीला, म्हणजे निजामाच्या महसुली सनाला, तो हिशेब लावला की नऊ वर्षं चुकतात. हैदराबादचं फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबरच्या कागदाला 590 मिळवायचे, जानेवारीनंतरच्या कागदाला 591. 1344 फसलीचा आजूर हा 1934 चा ऑक्टोबर, पण त्याच सालचा खुर्दाद महिना 1935 च्या एप्रिल-मेमध्ये येतो. हाच 1344 हिजरी समजून वाचला तर कागद थेट 1925-26 मध्ये जाऊन पडतो. म्हणून महिना वाचल्याशिवाय साल लिहू देऊ नये.

मग रक्कम. सात हाली रुपये (निजामाचं नाणं) म्हणजे ढोबळमानाने सहा कलदार (इंग्रजी रुपये). 70 रुपये सारा दिसला तर इंग्रजी मुलखातल्या हिशेबाने तो 60 धरायचा. तुलनेचा तक्ता करताना हे हमखास राहून जातं.

नकाशात तर सर्रास आजचे आठ जिल्हे रंगवतात. 1948 ला हैदराबाद संस्थानात मराठवाड्याचे पाचच जिल्हे होते: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. जालना 1981 चा, लातूर 1982 चा, हिंगोली 1999 चा. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. उदगीरच्या मुलाच्या घरच्या कागदावर ‘जिल्हा बिदर’ दिसला की शिक्षकच गोंधळतात.

रझाकारांचे, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांचे, अत्याचार सांगायलाच हवेत. पण सप्टेंबर 1948 च्या या लष्करी मोहिमेनंतर, म्हणजे ‘पोलीस कारवाई’नंतर, मुसलमानांच्या ज्या कत्तली झाल्या, त्यांची चौकशी पंडित सुंदरलाल समितीने केली आणि मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार दिला, हेही नववी-दहावीच्या मुलांना सांगता येतं. घरी आजोबांकडून एक बाजू ऐकलेली असते, शेजारच्या बाकावर दुसरी बसलेली असते. दोन्ही एकाच तासात घ्याव्यात. पहिली आज आणि दुसरी पुढच्या आठवड्यात, असं केलं की दुसरी हटकून राहते.

बालभारती पुण्यातच आहे. शिक्षकांच्या पुस्तिकेत फसली महिन्यांचा तक्ता, हालीचा दर आणि 1948 चा जिल्हावार नकाशा एवढं छापायला दोन पानं पुरतील.

— इतिहासाचे काही शिक्षक, पुणे