हजान अंकल, तो हात वर केलात ना, त्यासाठी

हजान अंकल, शालोम.

समोर बोलायला गेले की रडू येतं म्हणून लिहितेय. पोराचं बार मिट्झवा झालं, पाहुणे गेले, पण तुमचा तो हात काही डोक्यातून जात नाही.

इतरांना सांगते, हजान म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे. आमच्या बेने इस्रायलांत, म्हणजे मराठी ज्यूंत, मुलगा तेरा वर्षांचा झाला की धर्माच्या दृष्टीने मोठा होतो, तोच बार मिट्झवा. तेव्हा तो सगळ्यांसमोर सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची हिब्रू गुंडाळी, वाचतो. त्यात नुसती अक्षरं, स्वरांच्या खुणा नाहीत की चालीच्या नाहीत, सगळं घोकून जायचं. आणि चुकलं की बाकांवरून लगेच मोठ्याने दुरुस्त करतात, रीतच आहे तशी. आता बोलताना अडखळणाऱ्या पोराने काय करायचं?

शाळेत गॅदरिंगला त्याला झाड केलेलं, वर बाई गोड हसून म्हणाल्या, "उगाच त्याला त्रास नको." तुमच्याआधी ज्यांच्याकडे शिकायला पाठवला ते म्हणाले, नुसती बेराखा (आशीर्वचन) म्हणू दे, वाचायला दुसरा उभा करू. चालतं तसं, तेरा पूर्ण झाले की वाचन न करताही बार मिट्झवा होतोच. पण त्या रात्री पोरगा जेवला नाही.

चालीत म्हटलं की तो कमी अडकतो हे तुम्हीच ओळखलंत.

गुरुवारी सकाळी टेफिलिन (प्रार्थनेच्या चामडी पेट्या) बांधून उभा राहिला, हातातली याद, म्हणजे ओळीवर धरायची काठी, थरथरत होती. मध्येच एक शब्द अडकला. मागून दोन-तीन जण शब्द पुरवायला लागले आणि तुम्ही मागे वळूनही न बघता हात वर केलात. बास. सगळे गप्प. किती वेळ गेला देव जाणे, पण शब्द त्याने स्वतः काढला. नंतर चॉकलेटं उधळली तर एक थेट चष्म्यावर बसलं आणि हा खो खो हसत सुटला!

लोक म्हणतात फंक्शन केलं की मुलांचा कॉन्फिडन्स वाढतो. करा की, हॉल घ्या, डीजे लावा. मला नाही वाटत त्याने काही होतं. 1948 नंतर आपले बहुतेक इस्रायलला गेले, इथे मिनियानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवताना दमछाक होते. परवा तुमचा फोन आला, "नऊ झालेत, पाठव त्याला." कुठेतरी त्याच्यावाचून अडलं होतं अंकल! चप्पल उलटी घालून पळाला.

पाकीट तुम्ही परत केलंत, ठीक आहे. रविवारी एलियाहू हन्नाबीचा (प्रेषित एलियाचा) मलिदा करतेय, आंटींना घेऊन या, "बघू" म्हणायचं नाही.