पंपाच्या नोझलवर इथेनॉलचा आकडा लिहा, जुन्या गाड्यांसाठी दहा टक्क्यांचं पेट्रोल ठेवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मिरजेजवळच्या एका गावात माझं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे आणि घरचा दोन एकर ऊस आहे. पेट्रोलमध्ये ऊस-मक्यापासून बनणारं इथेनॉल वीस टक्के मिसळण्यावरून जो वाद चालला आहे, त्याच्या दोन्ही बाजू माझ्याच घरात नांदतात. म्हणून हे पत्र.

या कामाची सुरुवात आमच्याच भागात झाली, हे आता फार थोड्यांना आठवत असेल. २००१ साली केंद्र सरकारने इथेनॉल मिश्रणाचे जे प्रायोगिक प्रकल्प घेतले, त्यात मिरज होतं, मनमाड होतं आणि उत्तर प्रदेशातलं बरेली होतं. २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्क्यांचा कार्यक्रम आला, पण तो बरीच वर्षं रडतखडत चालला. २०१३-१४ मध्ये देशाचं सरासरी मिश्रण दीड टक्क्याच्या आसपास होतं. नंतर मात्र वेग आला. जून २०२२ मध्ये दहा टक्के झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचं पेट्रोल पहिल्या काही पंपांवर आलं. २०२५ मध्ये ते देशभर झालं. २०३० साठी ठरवलेलं उद्दिष्ट पाच वर्षं आधी गाठलं गेलं.

ऊस लावणारा माणूस म्हणून मला याचं मोल कळतं. साखर गोदामात पडून राहिली की कारखान्याचे पैसे अडकतात, आणि कारखान्याचे अडकले की आमची बिलं अडकतात. एफआरपीसाठी, म्हणजे उसाच्या सरकारने ठरवलेल्या किमान दरासाठी, रस्त्यावर बसलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्यात मीही बसलो आहे. इथेनॉलचा पैसा साखरेपेक्षा लवकर फिरतो. शिवाय कच्चं तेल आपण बाहेरून आणतो. त्यातलं जितकं वाचेल तितकं हवंच. माझा इथेनॉलला विरोध नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आता गॅरेजमधलं सांगतो.

माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत निम्म्याहून जास्त कार्बोरेटरवाल्या (कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) आहेत, दहा-पंधरा वर्षं जुन्या. दूध घालणारे, भाजीवाले, गवंडी, एमआयडीसीतले कामगार यांच्या या गाड्या. एप्रिल २०२० पासूनच्या, प्रदूषणाच्या बीएस-सहा नियमात बसणाऱ्या बहुतेक दुचाकींना त्याऐवजी पेट्रोल फवारणारं इंजेक्शन असतं. सेन्सर इंधनाचा अंदाज घेतो आणि मिश्रण जुळवून देतो. कार्बोरेटरला ती अक्कल नाही. त्याच्या जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचं, भोक जेवढं, तेवढंच पेट्रोल जाणार. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, त्यामुळे तेवढ्याच भोकातून गेलेलं मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. मग गिऱ्हाईक सांगतं, गाडी पिकअप घेत नाही, सकाळी दहा किक माराव्या लागतात, चढाला मिसिंग करते. एअर स्क्रू फिरवून, गरज पडली तर जेट बदलून मी काम भागवतो.

दुसरा त्रास रबराचा. जुन्या गाड्यांच्या पेट्रोल पाइपा, ओ-रिंगा, कॉकमधले वॉशर हे इतक्या इथेनॉलसाठी बनलेले नव्हते. काही फुगतात, काही चिरतात, पेट्रोल पाझरायला लागतं. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटतो आणि जेटमध्ये अडकतो.

तिसरा त्रास पावसाळ्यातला. साध्या पेट्रोलमध्ये पाणी गेलं तर ते खाली बसायचं, काढून टाकता यायचं. इथेनॉल पाणी ओढून धरतं, आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनला जाणारी वाट तळातूनच असते. महिनाभर उभी राहिलेली गाडी मग काही केल्या सुरू होत नाही. गेल्या पावसाळ्यात अशा टाक्या मी स्वतः खाली केल्या आहेत.

प्रत्येक बिघाडाला इथेनॉल कारण आहे असं मी म्हणणार नाही. पंधरा वर्षांच्या गाडीचं रबर तसंही जातं, आणि इथेनॉलने इंजिनच जळतं अशा ज्या गोष्टी मोबाइलवर फिरतात, त्या मी माझ्या हाताखाली कधी पाहिल्या नाहीत. पण फरक पडतच नाही असं कुणी म्हणालं, तर तेही खरं नाही. पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मधल्या खुलाशात सांगितलं की काही जुन्या गाड्यांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, आणि तो खर्च किरकोळ आहे. किरकोळ कुणाला? अडीचशे रुपयांची किट, वर मजुरी, आणि गाडी गॅरेजला म्हणून बुडालेला दिवस. रोजंदारीवरच्या माणसाला हे सगळं मोजून द्यावं लागतं.

मायलेजचा हिशेब तर सरळ आहे. एक लिटर इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात आकडे दिले आहेत: दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींचं मायलेज वीस टक्क्यांवर सहा-सात टक्के घटेल, तशा दुचाकींचं तीन-चार टक्के. माझा एक दूधवाला गिऱ्हाईक रोज साठ किलोमीटर फिरतो. पन्नासचं ॲव्हरेज अठ्ठेचाळीसवर आलं तर महिन्याला दीड लिटर पेट्रोल जास्त लागतं. आजच्या शंभराच्या वरच्या दराने महिन्याला दीडशे रुपये, वर्षाला अठराशे. त्याच्या गाडीच्या टाकीच्या झाकणाजवळ अजून दहा टक्क्यांचाच स्टिकर आहे. कंपनीने दहा टक्क्यांपर्यंतच भरा असं सांगून ती गाडी विकली. वीस टक्क्यांना चालतील असे भाग बसवलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून आल्या, आणि इंजिनच वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्या एप्रिल २०२५ पासून. त्याआधी गाडी घेतलेल्या माणसाचं काय चुकलं?

त्याच २०२१ च्या अहवालात दोन गोष्टी सुचवल्या होत्या. जुन्या गाड्यांसाठी दहा टक्क्यांचं पेट्रोल उपलब्ध राहावं, आणि मिश्रित पेट्रोलला करात सूट देऊन ते ग्राहकाला स्वस्त पडावं. मंत्रालयाचं म्हणणं असं की तेव्हा इथेनॉल स्वस्त होतं, आता ते शुद्ध केलेल्या पेट्रोलपेक्षा महाग पडतं. दर वाढले हे खरं आहे. २०२४-२५ च्या हंगामात उसाच्या रसाच्या इथेनॉलला लिटरला ६५ रुपये ६१ पैसे दर होता, मक्याच्या इथेनॉलला ७१ रुपये ८६ पैसे. शेतकऱ्याला चांगला दर मिळावा म्हणून हे ठरलं, आणि त्याचा लाभ मलाही आहे. पण परकीय चलन वाचतं ते देशाचं, हवा सुधारते ती सगळ्यांची. मग त्याची किंमत सगळ्यांच्या करातून जावी. माझ्या उसाचा दर दूधवाल्याच्या टाकीतून वसूल झालेला मला नको आहे. आम्ही दोघं एकाच गावचे आहोत.

शेतकऱ्याच्या नावाने बोलताना आणखी एक सांगायला हवं. आता देशातलं सर्वांत जास्त इथेनॉल मक्यापासून होतं, उसाचा वाटा मागे पडला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर रातोरात बंधन आलं होतं. कर्ज काढून आसवनी, म्हणजे इथेनॉल बनवायचा प्रकल्प, उभारलेल्या कारखान्यांची तेव्हा काय अवस्था झाली, ते आमच्या भागाने पाहिलं. ग्राहकाला पर्याय दिला तर ऊसवाला मरेल, असं कुणी सांगू नये. ऊसवाल्याला त्रास धरसोडीचा होतो.

बाहेर काय करतात ते बघा. ब्राझीलमध्ये आपल्याहून जास्त, तीस टक्के इथेनॉल आहे. पण तिथे कोणत्याही मिश्रणावर चालणाऱ्या गाड्या २००३ पासून विकल्या जातात, आणि पंपावर इथेनॉलचा आणि पेट्रोलचा दर वेगळा लिहिलेला असतो. एका दराला दुसऱ्याने भागून, काय भरणं परवडतं ते लोक ठरवतात. अमेरिकेत पंधरा टक्क्यांच्या पंपावर नारिंगी सूचना असते, आणि मोटरसायकलींत ते भरायला मनाई आहे. युरोपात पाच आणि दहा टक्क्यांच्या नोझलवर वेगवेगळे गोल शिक्के असतात. ब्रिटनने २०२१ मध्ये दहा टक्के आणले, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचं पेट्रोल राखून ठेवलं.

इथेनॉलमुक्त पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. मी इथेनॉलमुक्त पेट्रोल मागतही नाही. माझी मागणी एवढीच, की प्रत्येक नोझलवर मिश्रणाची टक्केवारी ठळक मराठीत लिहावी, तालुक्याला निदान दोन-तीन पंपांवर दहा टक्क्यांचं पेट्रोल मिळावं, आणि वीस टक्क्यांचा दर त्यातल्या ऊर्जेच्या हिशेबाने कमी असावा. जुन्या दुचाकींची रबरी किट गाडीच्या कंपन्यांनी सर्व्हिसिंगमध्ये मूळ किमतीत बसवून द्यावी.

सुरुवात मिरजेपासून करता येईल. पहिला प्रयोग २००१ साली इथे झाला होता, दहा टक्क्यांच्या वेगळ्या नोझलचाही इथेच करून पाहावा. वर्षभर नोंदी ठेवायच्या असतील, तर माझ्या गॅरेजची वही उघडीच आहे. कोणती गाडी, किती जुनी, काय बदललं, किती पैसे लागले, सगळं त्यात लिहिलेलं आहे.

आपला नम्र,
एक दुचाकी मेकॅनिक आणि ऊस उत्पादक
ता. मिरज, जि. सांगली