मावशी-मामांचे प्रशिक्षण लिंकवर उरकू नका

संपादक महोदय,

रुग्णालयात नव्याने लागलेल्या आया, वॉर्डबॉय आणि सफाई कर्मचाऱ्यांना मोबाइलवरून प्रशिक्षण देण्याची पद्धत आता इंदूरमध्येही रुळत आहे. पद्धत वाईट नाही. तीन पाळ्यांतली माणसे एका खोलीत गोळा करणे कुठल्याच मेट्रनला जमत नाही. पण बहुतेक वेळा होते ते असे: ठेकेदाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक पडते, पाऊण तासाच्या इंग्रजी स्लाइड असतात, सुपरवायझर सगळ्यांचे फोन गोळा करून उत्तरे भरतो आणि सगळेच पैकीच्या पैकी गुण घेऊन पास. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे कामावर घेताना आणि पुढे दरवर्षी प्रशिक्षण द्यावेच लागते. ते अशा रीतीने दिले जाते.

इंदूरची एक अडचण तर या तयार कोर्समध्ये सापडणारच नाही. इथल्या माणसाला घरी सुका कचरा निळ्या डब्यात टाकायची सवय झाली आहे, आणि शहराला तिचा अभिमानही आहे. रुग्णालयात मात्र निळा डबा काचेचा: औषधांच्या बाटल्या, फुटलेल्या व्हायल, शिवाय धातूचे इम्प्लांट. साहजिकच नवी मावशी ग्लोव्हजचे खोके आणि सिरिंजची वेष्टने सरळ निळ्यात टाकते, कारण तिच्या लेखी तो सुका कचराच. चुकते ती सवय, अक्कल नव्हे. लाल पिशवीत सलाइनच्या नळ्या, कॅथेटर, वापरलेले ग्लोव्हज आणि सुई काढलेली सिरिंज. पिवळीत रक्त लागलेला कापूस आणि ड्रेसिंग. पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात सुया आणि ब्लेड. स्क्रीनवर चार रंगीत चौकोन दाखवून हे हातात बसत नाही. पाच मिनिटांचा हिंदी व्हिडिओ दाखवावा आणि लगेच स्वच्छ, न वापरलेल्या वीस वस्तू टेबलावर मांडून त्या चार डब्यांत टाकायला लावाव्यात. आठवड्याने तेच पुन्हा. एवढ्याने बरेच काम होते.

हायपोचे, म्हणजे फरशी आणि सांडलेले रक्त निर्जंतुक करण्याच्या सोडियम हायपोक्लोराइटचे, तसेच. कॅनवर ५ टक्के लिहिले असेल तर एक भाग हायपोला चार भाग पाणी घातले की १ टक्क्याचे द्रावण होते; कॅन १० टक्क्यांचा असेल तर पाणी नऊ भाग. कोर्समध्ये एकच प्रमाण शिकवतात, भांडारात मात्र कधी हा कॅन येतो, कधी तो. त्यातून कॅन उन्हात पडलेला असला की जोर आधीच उतरलेला असतो. सकाळी केलेले द्रावण रात्रीपर्यंत पुरवायचे नाही, गरम पाण्यात करायचे नाही आणि बादली प्लॅस्टिकचीच घ्यायची. संडास धुण्याचे ॲसिड त्यात पडले तर क्लोरीन वायू सुटतो. लघवी सांडली असेल तर तिच्यावर थेट हायपो ओतू नये, तिथेही हाच वायू सुटू शकतो. आधी टिपून घ्यावी, मग फरशी पुसावी. रक्त सांडले तर जाड ग्लोव्हज घालून वर कागद किंवा जुने कापड पसरावे, त्यावर १ टक्क्याचे द्रावण ओतावे, दहा मिनिटे थांबावे (जास्त सांडले असेल तर अर्धा तास) आणि बाहेरून आत असे पुसत यावे. दहा मिनिटे थांबणे हीच पायरी गळते, कारण मागे कोणीतरी ‘लवकर आटप’ म्हणून उभे असते. ही खरे तर सिस्टरच्या प्रशिक्षणाची बाब!

सुई टोचण्याच्या बाबतीत ऑनलाइन कोर्स सर्वांत तोकडे पडतात. ते इंजेक्शन देणाऱ्यासाठी लिहिलेले असतात. मावशीला टोचते ती दुसऱ्याने चुकीच्या पिशवीत टाकलेली सुई, पिशवी उचलून मांडीला लागली की. जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची. दाबून रक्त काढायचे नाही, स्पिरिट चोळायचे नाही. लगेच ड्यूटी डॉक्टरला सांगायचे. एचआयव्ही टाळण्याचे औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावे. बहात्तर तासांनंतर त्याचा उपयोग नाही. सुरू केले की पुरे २८ दिवस घ्यायचे. हेपटायटिस-बीची लस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी, अशी तीनदा. ठेका बदलतो, माणूस चौथ्या महिन्यात दुसऱ्या इमारतीत जातो आणि तिसरा डोस राहून जातो. म्हणून लसीचे कार्ड ठेकेदाराच्या फाइलीत न ठेवता मावशीच्या हातात द्यावे आणि त्याचा फोटो तिच्याच फोनमध्ये काढून द्यावा.

आता ‘वेलनेस’. त्याचेही मॉड्यूल आले आहे: प्राणायाम, सकारात्मक विचार, मागे बासरी. ज्या बाईला बारा तासांत बसायला स्टूल मिळत नाही आणि कर्मचाऱ्यांचा संडास दोन मजले खाली म्हणून जी पाणीच पीत नाही, तिला हे दाखवणे आम्हाला चेष्टेसारखे वाटते. आधी पाणी, संडास, लॉकर आणि जेवणाची ठरलेली अर्ध्या तासाची सुट्टी, बासरी त्यानंतर. मृतदेह बांधण्याचे काम एकोणीस वर्षांच्या मुलीला पहिल्यांदाच, तेही रात्री तीन वाजता एकटीला सांगू नये. जुनी मावशी सोबत द्यावी आणि काम झाल्यावर दहा मिनिटे वॉर्डाबाहेर बसू द्यावे. मन मोकळे करायला १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. २०२२ पासून तो चालू आहे, चोवीस तास आणि मोफत. पण फोन केल्याचे ठेकेदाराला कळेल या भीतीने कोणी करत नाही. तो सरकारी आहे, रुग्णालयाचा नाही, हे तोंडी आणि पुन्हा पुन्हा सांगावे लागते. नावनोंदणीसाठी ऑफिसचा ईमेल मागणारी ॲप्स तर इथे बादच समजावीत.

प्रशिक्षणाचा वेळ ड्यूटीत धरावा, सुट्टीच्या दिवशी घरच्या डेटावर नको. एक क्लिप एका कामाची, पाच-सात मिनिटांची असावी. क्यूआर कोड नोटीसबोर्डावर न लावता जिथे काम होते त्या स्लुईस रूमच्या (वॉर्डातली घाण भांडी धुण्याच्या खोलीच्या) दारावर चिकटवावा. परीक्षा वाचून नव्हे, फोटो पाहून देता यावी.

रुग्णालय चालवणाऱ्यांनी एवढे करून पाहावे: रात्री दोननंतर कुठल्याही वॉर्डात जाऊन तिथल्या मावशीला विचारावे की सुई टोचली तर पहिले औषध कोणत्या कपाटात आहे आणि त्या कपाटाची किल्ली आत्ता कोणाकडे आहे.

— रुग्णालयीन प्रशिक्षणाचे काम करणाऱ्या काही परिचारिका, रामबाग, इंदूर